गोठा नसलेलं गाव

प्रिय सीमा,

फोनवर तू रडतेस, मी ओरडते आणि कामाचं बोलणं राहूनच जातं. म्हणून हे पत्र. सुरतेला पोचायला दोन-चार दिवस लागतील, पण मिळालं की नीट वाच.

यंदा आपल्या पाड्यावरच्या चर्चचा नाताळचा देखावा माझ्याकडे आहे. पास्टर पवन यांनी मोबाईलवर कुठलंसं विलायती गाव दाखवलं, धुराडी काय, बर्फ काय! मी सरळ सांगितलं, घरं करीन तर आपल्यासारखी. अंगणवाडी सुटली की ओसरीत बसते. बांबूच्या सळ्यांचा कूड विणते, शेणमातीने लिंपते, करंगळीवर चिखल थापून कौलं काढते. घर वीतभरच, पण आत जाऊन बसावंसं वाटेल. माझ्याच तोंडाने सांगते, असं काम या भागात दुसऱ्या कुणाला जमायचं नाही. पोरांनी बर्फाचा हट्ट मात्र सोडला नाही, म्हणून म्हसावदचा कापूस पिंजून कौलांवर टाकलाय. आपल्या घरावर बर्फ! हसलीस ना?

सळ्या तासून देतात तुझे बाबा. तू नवनीतबरोबर गेलीस तेव्हा, या घरात तिला जागा नाही, असं म्हणाले ते म्हणाले. पुढे तुझं नावही तोंडातून काढलं नाही. नवनीतच्या घरच्यांनीही दार लावलं. सातवा महिना लागलाय आणि परक्या शहरात दिवसभर खोलीत एकटी असते पोरगी, हे मी तुझ्या बाबांच्या कानावर घातलं. ऐकून बैलांना पाणी पाजायला निघून गेले. मला त्यांचा फार राग आला होता.

परवा पास्टर घरं बघायला आले. ते शहाद्याकडचे. सगळं गाव वाकून न्याहाळलं आणि म्हणाले, "मावशी, घरं भारी शेतस, पण गोठा कोठे शे?" येशूचा जन्म मग दाखवायचा कुठे, अशी त्यांना काळजी. मी म्हटलं, आमच्याकडे वेगळा गोठा असतो का? ढोरं घरातच, कुडाच्या पलीकडे. मरीया आमच्या पाड्यावर आली असती तर अशा अवघडलेल्या बाईला कुणी बाहेर ठेवलं नसतं, चुलीजवळ निजवलं असतं. पास्टर हसले. तुझ्या बाबांचा कोयता थांबला.

आज सकाळी बघते तर त्यांनी बैलांचे खुंटे उपटून पडवीत ठोकलेले. रिकामी झालेली जागा स्वतः सारवली, इतकी ओबडधोबड की मला पुन्हा सारवावी लागली. मग चुलीशेजारी खाट ओढून तिला नवी दोरी भरत बसले. जेवताना ताटाकडे बघतच म्हणाले, सीमाला सांग, जीपमध्ये पुढे बस म्हणावं, घाटात मागे धक्के लागतात. माझा घास हातातच राहिला गं. तेव्हा आता रडू नकोस, डॉक्टरांना विचार आणि बॅग भर. नवनीतलाही आण. गाडी कुठली ते फोनवर कळव, पाड्यावरच्या गोवालची जीप नंदुरबार स्टेशनवर उभी राहील. पुढची सीट तुझी.

तुझीच, वाटेकडे डोळे लावून बसलेली,
आई