शंभर टक्के हजेरी

३ मार्च, सोमवार.
आजपासून नियमित डायरी. कारण: कामगार सल्ला समितीचा अध्यक्ष झालो. नवा कायदा म्हणतो, माणसं कमी करण्याआधी कामगारांशी बोललंच पाहिजे. म्हणजे माझ्याशी. केनियातल्या नैवाशाच्या या फुलांच्या फार्मवर सतरा वर्षं गुलाब छाटले, आता कुठे कदर झाली. बायको नासिमियू पॅकिंग शेडमध्ये आहे. म्हणाली, "बाबा वाफुला, तुम्हाला निवडलं कुणी?" थोरल्या पोराच्या नावाने हाक मारून टोमणा. दुर्लक्ष केलं.

५ मार्च.
मॅनेजर किप्रोनोसाहेबांनी केबिनमध्ये चहा पाजला. कपबशीत! पॅकिंगचं यंत्र येतंय, शेडमधल्या चौसष्ट बायकांचं काम जाईल. अजून ठरलेलं काही नाही. यंत्र फक्त मोम्बासा बंदरात उतरलंय. मी ठणकावलं, एकही नोकरी जाऊ देणार नाही. म्हणजे ठणकावणार होतो, तेवढ्यात त्यांना फोन आला.

१० मार्च.
सल्लामसलतीची सभा. हजेरी १०० टक्के! सहीशिवाय चहा आणि तळलेली गोड मंदाझी नाही, ही आमच्याकडे प्रत्येक सभेची रीत. कागद मी स्वतः फिरवला. क्वाम्बोका, शेडमधली सगळ्यात म्हातारी आणि तिखट, म्हणाली, "क्लिपखालच्या पानावर काय लिहिलंय रे पोरा?" म्हटलं, मावशी, हजेरी. दुसरं काय असणार?

१७ मार्च.
कामावरून कमी केल्याची चौसष्ट पत्रं. एक नासिमियूचं. क्लिपखालच्या पानावर होतं: 'चर्चा झाली, योजना मान्य.' पहिली सही माझी. साहेब म्हणाले, आदर्श प्रक्रिया. फार वाईट वाटलं. पण प्रक्रिया सुरेख झाली हे खरं.

१८ मार्च.
नासिमियू बोलत नाही. मक्याच्या पिठाची उगाली शिजवते ती स्वतःपुरती आणि पोरांपुरती. संकल्प: सगळं उलटवणार. कायद्याने तक्रार आधी फार्मवरच ऐकायची, नंतर सरकारी कामगार कचेरी. ऐकणार कोण? समितीचा अध्यक्ष. आता बघाच.

२१ मार्च.
तक्रार आली. चौसष्ट जणींची. माझ्याविरुद्ध. साहेब म्हणाले, ज्याच्यावर तक्रार त्याने ती ऐकू नये असं कुठे लिहिलंय? खरंच नाही लिहिलेलं. निःपक्षपाती राहणार.

२४ मार्च.
सुनावणी. सगळ्या आल्या. हजेरीचा कागद पुढे केला. कुणी पेनाला हात लावेना. क्वाम्बोका म्हणाली, "एकदा सही केली आणि चूल विझली. आता बोटं तोडलीस तरी नाही." सही नाही म्हणजे हजेरी नाही, साहेब म्हणाले. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं: 'तक्रारदार गैरहजर. प्रकरण बंद.' त्या समोर उभ्या होत्या. नासिमियू दुसऱ्या रांगेत. लिहिताना लाज वाटली. इतकी की अक्षर वाकडं आलं.

२६ मार्च, सकाळी सहा.
सगळ्या जणी कामगार कचेरीत जायला निघाल्या. मीही बूट घातले. नासिमियूला म्हटलं, येतो, साक्ष देतो, त्या दिवशी तुम्ही सगळ्या हजर होतात हे सांगतो. नऊ दिवसांनी ती पहिल्यांदा बोलली.
"राहू द्या. तुमची साक्ष साहेबांनी कालच तिकडे पाठवली. वाकड्या अक्षरातली."