बुधवारचा साखरपुडा

प्रिय आमू,

जय भीम. पत्र बघून तू आधी दचकशील आणि मग हसशील. फोन असताना आई कागद काळे करत बसली, हिला झालंय तरी काय, असं म्हणशील. फोनचं मागून सांगते. आधी पाकीट नीट बघ. मी खळ लावून वरून चिकटपट्टी मारली आहे. पट्टी उचकटलेली दिसली तर समज, तुझ्या आधी कुणीतरी वाचलंय. गावातल्या पेटीत मी हे टाकणार नाही. रामप्रसाद पोस्टमन तुझ्या भारतमामाबरोबर रोज पत्ते कुटतो. उद्या शुक्रवारी बीडला जाऊन मोठ्या पोस्टातून स्पीड पोस्ट करते.

तुझे बाबा होते तेव्हा म्हणायचे, राजश्री विहारात वंदनेला बसली तरी तिचा एक डोळा बाहेरच्या चपलांवर. म्हणू देत. आपल्या घरातली एक तरी चप्पल आजवर गेली का? मागच्या दिवाळीत तुझ्याकडं आले तेव्हा मला त्या समुद्राचासुद्धा संशयच आला होता. एवढं पाणी आणि घोटभर पिता येत नाही, म्हणजे काहीतरी गोम असणारच. तू लई हसलीस. मग होडीत बसवून मला खाडीच्या तोंडाशी नेलंस आणि पाण्याखालचं गवत दाखवलंस. माशांची बोटाएवढी पिल्लं त्यात लपून मोठी होतात आणि मग दर्यात जातात, असं सांगितलंस. मी म्हणाले, अगं, ही तर अंगणवाडीच की! बावीस वर्षं मी तेच करतेय.

तुझं कामही मला त्या दिवशीच कळलं, त्याआधी खरं तर कळलं नव्हतं. बायका विचारायच्या, पोरगी काय करते, तर मी सांगायचे, समुद्र मोजते. ट्रॉलरवाला म्हणतो माझं एकच जाळं, हॉटेलवाला म्हणतो माझी एकच मोरी, बोटवाला म्हणतो माझं डिझेल ते किती. ज्याचं त्याचं थोडंच, पण सोसणारी खाडी एकच. तुम्ही ते सगळं एकत्र मांडता आणि सरकारला सांगता, हिला अजून इतकंच झेपेल, याच्यापुढं नाही. आपल्या बिंदुसरेचं धरण तरी दुसरं काय आहे? प्रत्येकाची मोटार लहानच असते, तरी मे महिन्यात तळ दिसतो.

म्हणून तू गेल्या आठवड्यात फोनवर जे सांगितलंस ते मला कळत नव्हतं असं नाही. कोळशाची जेटी होणार, त्यासाठी खाडीचं तोंड खोल खणणार, आणि ते गवत सगळं जाणार. येत्या बुधवारी जनसुनावणी. तुझे मोठे सर नेमके आत्ताच आजारपणाच्या रजेवर गेले (मला तो आजारही खरा वाटत नाही), म्हणून दोन वर्षं पाण्यात उतरून जे बघितलं ते लोकांपुढं तुलाच मांडायचंय. तू नसलीस तर जेटीवाल्यांनी आणलेला माणूस त्यांचं म्हणणं मांडणार, आणि खाडीवरच्या मच्छीमार बायकांच्या बाजूनं उत्तर द्यायला कुणी उरणार नाही. हे सगळं ऐकून मी काय म्हणाले? म्हणाले, सुनावण्या होत राहतात, असं स्थळ परत येत नसतं, बुधवारी साखरपुड्याला गुमान घरी ये. आणि तू रडवेली होऊन रजा काढलीस. खरं सांगू? मला वाटलं तिकडं तुझं कुणाबरोबर तरी जमलंय आणि सुनावणीचं नुसतं निमित्त आहे.

आता स्थळाचं ऐक. परळीचा विलास, तिथल्या थर्मल वीज केंद्रात नोकरीला, आपल्यातलाच. भारतमामानं आणलं. देणंघेणं काही नको, लग्नानंतर पोरगी नोकरी करो नाहीतर न करो, दर्यात उतरो नाहीतर डोंगर चढो, त्यांचं काही म्हणणं नाही. अट एकच, साखरपुडा बुधवारीच. मी विचारलं, रविवार का नको? मामा म्हणाला, त्यांच्याकडच्यांनी दिवस बघितलाय, बुधवार चांगला आहे. तेव्हा मी हो म्हणाले. पण भाकरी थापता थापता ते डोक्यात घोळायला लागलं. दिवस बघितलाय? आपल्यात मुहूर्त कधीपासून शिरला? तुझ्या आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून आपल्या घरात कुणी पंचांग उघडलं नाही. सगळे नोकरीवाले, रविवार बघायचा, नाहीतर पौर्णिमा. माझं लग्नसुद्धा सुट्टीचा दिवस म्हणून सव्वीस जानेवारीला झालं.

मग मी पोराच्या आईला, बायनाबाईंना, फोन लावला. भांडायला नाही, साडीचा रंग विचारायचं निमित्त केलं. बोलता बोलता म्हणाले, तुम्ही दिवस बघता हे माहीत नव्हतं. त्या बिचाऱ्या गोंधळल्या. म्हणाल्या, आमाला कुठलाबी वार चालतो बाई, तुमच्याकडूनच बुधवारचा हट्ट हाय असं तुमच्या भावानं सांगितलं. मी साडीचा रंग न ऐकताच फोन ठेवला गं. सुनावणी बुधवारी आहे हे मामाला मीच कौतुकानं सांगितलं होतं, माझी आमू शंभर लोकांपुढं बोलणार म्हणून.

संध्याकाळी तो आला तेव्हा त्याला समोर बसवून विचारलं. आधी हसण्यावारी नेलं, मग माझ्या गळ्याची शपथ घेतली, मग चिडला, आणि शेवटी बोलला. परळीत थर्मलची राख वाहणाऱ्या त्याच्या गाड्या ज्या शेठच्या कामावर चालतात, तुझ्या खाडीवरची जेटी त्याच शेठची आहे. तुझ्या भावाला, पप्पूला, तिथं सुपरवायझर म्हणून चिकटवतो असा शब्द शेठनं दिलाय. पोरीला फक्त तेवढा एक दिवस घरी ठेव, बाकी आम्ही बघतो, असं ठरलंय. स्थळ खरं आहे, पोरगाही चांगला असेल, त्याला यातलं काही ठाऊक नसावं. पण साखरपुडा आमच्या भारतनं तुला अडकवायला मांडला. बाबा गेले तेव्हा हाच भाऊ महिनाभर माझ्या ओसरीवर झोपला होता. मला राग येतो त्यापेक्षा रडू जास्त येतं.

मी म्हणाले, आमू येणार नाही, मीच तिला कळवते. तर तो मऊ आवाजात म्हणाला, "आक्का, तू नुसती एक दिस दवाखान्यात झोप. सलाईन लावू. पोरगी आपसूक येती." मी त्याला घरातनं जा म्हणाले. दुसऱ्या दिवशी पप्पू म्हणाला, आई, तुझ्या मोबाईलचा डिस्प्ले गेलाय, दुरुस्तीला टाकतो. डिस्प्ले रात्रीपर्यंत चांगला होता. मोबाईल मामाकडं आहे आणि माझा लेक तेव्हापासून माझ्याकडं न बघता जेवतो. शेजारच्या वैष्णवीचा फोन मागितला असता, पण तुझा नंबर मला पाठ नाही. पापडाचं पार्सल पाठवते म्हणून पत्ता तेवढा पाठ आहे.

तर आमू, हे पत्र एवढ्यासाठी. साखरपुडा विसर, रजा रद्द कर. तू निघाली नाहीस असं दिसलं की मंगळवारी तुला माझ्या नंबरवरून निरोप येईल की आई सिरियस आहे, लगेच निघ. फोटोही येईल. मागं डेंग्यूत मला सलाईन लावलं होतं तो फोटो पप्पूकडं आहे, निळी साडी आहे बघ अंगावर. पप्पू फोनवर रडेलसुद्धा. तू हलायचं नाहीस. मी अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत असेन. आणि समज, ते हे सगळं खोटं सांगत असताना मला खरंच काही झालं, माणसाचं काय सांगावं, तरीसुद्धा निघू नकोस. बुधवारी आधी तिथं उभी राहा, बघितलंस ते सगळं बोल, त्यांचे प्रश्न संपेस्तोवर थांब, आणि मग गाडी धर. मी वाट बघीन. नाहीच भेटले तर आई मरत होती आणि पोरगी माशांचं बोलत बसली असं लोक म्हणतील. त्यांना हे पत्र दाखव आणि सांग, आईनंच थांबायला सांगितलं होतं.

तुझीच,
आज गुरुवारपर्यंत तरी ठणठणीत असलेली,
आई