मामाला भेटायला

बाबा,

तुमचा मुलगा गेल्या सोमवारी आखातात जाणार होता. तो गेला नाही, आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. ताट समोर ठेवलं तर जेवतो, पण मी बाजूला बसले की उठतो. आई म्हणते, राहू दे चार दिवस. हे मला कोणालातरी सांगायचं आहे, आणि त्या देशांचं तुमच्याइतकं आपल्या घरात कोणाला कळत नव्हतं.

तुम्ही आखातातून परत आलात तेव्हा मी चौथीत होते. तिथल्या सरकारनं ठरवलं होतं, की दुकानांतल्या नोकऱ्या आधी त्यांच्याच माणसांना मिळतील, आणि तुमच्या दुकानातले बाहेरचे सगळे घरी निघाले. तुमच्या तोंडून मी शिवी ऐकली नाही. "त्यायचे पोट्टे बी कामाले लागले पाह्यजे ना," एवढंच तुम्ही म्हणालात आणि आदिलाबादच्या बाजारात भाजी घेऊन बसलात. तुमचा राग दुसऱ्याच गोष्टीवर होता. आठवीत मी शाळा सोडते म्हणाले, त्या दिवशी गिऱ्हाईक उभं असताना तुम्ही तराजू खाली ठेवलात. "आपल्या इकडचा कापूस बाहेर जाते, त्याले कोणी इचारत नाही तू किती शिकला. मले इचारलं. दहावी नाही म्हून पासपोर्टवर शिक्का मारला. तुमा दोघायच्या पासपोर्टवर तो शिक्का नाही पाह्यजे मले." गिऱ्हाईक वांगी तशीच ठेवून निघून गेलं. मी रडत घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत गेले.

आम्ही दोघंही दहावी झालो, बाबा. मी तर पदवीही घेतली. आता खाजगी शाळेत समाजशास्त्र शिकवते, सरकारी परीक्षांचा अभ्यास करते. भाऊ दोन वर्षं काम शोधतोय. बेला गावाच्या बाजूला कापूस वेचायला माणूस मिळत नाही म्हणून शेतकरी ओरडतात, आणि आपल्या गल्लीतले तरुण कामाची वाट बघत मोबाईल घेऊन पारावर बसतात. दोन्ही खरं आहे. वेचणीचं काम महिना-दीड महिन्याचं. तेवढ्यावर कोण वर्ष काढील? म्हणून निर्मल शहराकडचा एक एजंट आला तेव्हा भावाचा चेहरा कसा उजळला, ते मी पाहिलंय.

एजंटनं काढला होता फिरायला जाणाऱ्यांचा व्हिसा. कामाचा नाही. मी विचारलं, करार कुठे आहे, पगार कुठे लिहिलाय, आपल्या सरकारची परवानगी? तो हसला. "बहनजी, लडका दसवी पास है. उसको कायकी परवानगी?" तेव्हा माझ्या लक्षात आलं. तुमच्या त्या शिक्क्यामुळे सरकारच्या परवानगीशिवाय तुम्हाला जाता येत नव्हतं, आणि त्या परवानगीसाठी मालकाला करार लिहून द्यावा लागला होता. नोकरी गेली तेव्हा परतीचं तिकीट त्यानं दिलं, ते त्या करारामुळे. ज्याला तुम्ही जन्मभर अपमान समजलात, ती एक आडकाठी होती, आणि ती एजंटच्या वाटेत होती. आम्ही शिकलो आणि ती आपोआप दूर झाली. नियम करणाऱ्यांना वाटलं असेल, दहावी झालेल्याला कोणी फसवत नाही.

मी घरात हे सगळं समजावलं. भाऊ म्हणाला, "ताई, तू पोरायले धडा शिकवते तसं बोलून राह्यली. तिकडं गेल्यावर व्हिसा पालटून भेटते. सगळे तसेच जातात." तोवर घरात पुड्या यायला लागल्या होत्या. तुम्हाला माहीत आहे, कोणी जायला निघालं की गल्लीतली प्रत्येक बाई आपल्या तिकडच्या माणसासाठी त्याच्याबरोबर काहीतरी देते. जवसाची चटणी, लोणचं, गुडघ्याचं तेल. आई नावं लिहून पुड्या रचत होती. एकदा घेतलेली पुडी परत कशी करायची, असं ती मला म्हणाली, आणि पुढच्या पुडीवर नाव लिहिलं.

रविवारी दुपारी भाऊ विमानतळावर द्यायची उत्तरं पाठ करत होता. कशाला चाललास विचारलं तर म्हणायचं, मामाला भेटायला. मी खुर्ची ओढली आणि विमानतळावरच्या अधिकाऱ्यासारखी त्याच्यासमोर बसले.

"मामा काय करतो?"

"दुकान हाय."

"सख्खा?"

"हो. आईचा मोठा भाऊ."

"लग्नाला आला होता का तुझ्या आईच्या?"

"ताई, असं कोणी इचारत नाही."

"आणि विचारलं तर?"

तो काही बोलणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई बाहेर आली. हात पिठानं भरलेले. "कोण मोठा भाऊ?" तिला हे कोणी सांगितलंच नव्हतं. भाऊ म्हणाला, "अवं, नुसतं सांगाले हाय." आई भिंतीला टेकून खाली बसली. "भाऊबीजेले मी हरसाल चांदाले ओवाळतो. भाऊ नाही म्हून. सारी गल्ली पाह्यते. आन् तू परक्या मुलखात जाऊन मले भाऊ काढून देतो? उद्या तुले तिकडं काही झालं, तर पोलीस कोणाले इचारतील? त्या मामाले?"

भावानं उत्तरांचा कागद दुमडून बाजूला ठेवला. माझ्या कायद्यानं जे झालं नव्हतं, ते तिच्या एका प्रश्नानं झालं. ऊन उतरल्यावर आई पुड्यांची पिशवी घेऊन दारोदार गेली. काही बायांनी पुडी मुकाट्यानं घेतली. एकीनं ऐकवलं, "शिकलेली पोरगी घरात असली का असंच होते." आईनं ते घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं, आणि हसली नाही. पुढच्या गल्लीतला भावाचा मित्र त्याच एजंटकडून जाणार होता. आपल्याकडून परत आलेल्या पुड्या बायांनी त्याच्याकडे दिल्या आणि तो सोमवारी गेला.

मी भावाचा आखातातल्या नोकरीचा अर्ज रीतसर, सरकारी मार्गानं भरलाय. किती महिने लागतील, तोवर तिथला नवा नियम काय निघेल, सांगता येत नाही. वाट अडवणं मला जमलं. दुसरी वाट अजून माझ्या हातात नाही. वर्गात मी मुलांना सांगते, की नियम माणसासाठी असतात. घरी येताना भाऊ पारावर बसलेला दिसतो.

तुम्ही हे जग सोडून गेलात तिथला पत्ता असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं. काल त्या मित्राचा फोन आला. पोहोचला, काम लागलं, खोली बरी आहे. भाऊ फोन कानाला लावून माझ्याकडे बघत होता. मी "बरं झालं" म्हणाले. पण तो पोरगा सुखरूप आहे हे ऐकून मला आनंद झाला नाही, बाबा.