केडीएमचा टाका

नाशिक, मंगळवार दुपार

अब्बा, सलाम.

आज आमच्या धातू-तपासणीच्या लॅबमध्ये कर्णिक नावाचे संग्राहक आले. सोबत एका इंग्रज घोडदळाच्या कॅप्टनचं पदक होतं, १८५७ च्या लढायांचं. चांदीच्या पदकावर दोन पट्ट्या होत्या, 'लखनौ' आणि 'दिल्ली'. कॅप्टनच्या नोकरीच्या नोंदींत दिल्ली कुठेच नाही, म्हणून त्यांना शंका होती.

मशीनवर 'दिल्ली'ची पट्टी जोडणाऱ्या टाक्यात कॅडमियम निघालं. केडीएमचा, म्हणजे कॅडमियम मिसळलेला टाका त्या काळी नव्हताच. अहवालात मी तेवढंच लिहिलं.

पट्टीमागचे तीन बारीक ठिपके लिहिले नाहीत. येवल्याच्या दुकानात तुम्ही प्रत्येक पैंजणावर तेच ठिपके ठेवता, टाका सुटलाच तर आपलं काम ओळखून फुकट लावून देता यावं म्हणून.

कर्णिकांनी भिंगातून पाहिलं. "मॅडम, हे ठिपके कसले?"

"जुनी चांदी आहे सर. खड्डे पडतात."

"एका ओळीत?" ते हसले. "घोडदळाचे खड्डे, शिस्तीचेच असणार! उद्या पोलिसांत देतो. ज्याने हे चिकटवलं तो सापडेल."

कुणीतरी निखळलेली पट्टी म्हणून आणून दिली असेल आणि तुम्ही काही न विचारता लावली असेल. हे मी सिद्ध करू शकत नाही.

हे पत्र मी पाठवणार नाही. तुम्ही वाचलंत तर पहिल्या एसटीने याल आणि लॅबच्या काउंटरवर सगळ्यांसमोर सांगाल, "काम माझंच आहे."

तुमची,
निलोफर