लोशन, गोळी आणि दादा कोण

२ जानेवारी
शाळेतली एक मुलगी दुकानात फोटो न्यायला आली. पैसे कोणाकडे दिले होते विचारलं, तर म्हणाली, टक्कलवाल्या काकांकडे. मी आणि धाकटा एकमेकांकडे बघत राहिलो. आम्ही जुळे. स्टुडिओ एक, चेहरा एक आणि टाळूवरचं मैदानही एकच. मी जरासा आधी जन्मलो म्हणून तो मला दादा म्हणतो. घरात मला तेवढा एकच मान आहे.
वाईट वाटलं. खरंच वाटलं.

५ जानेवारी
दोघं डॉक्टरीणबाईंकडे. म्हणाल्या, औषध एकच. लोशन म्हणून डोक्याला लावा, नाहीतर अगदी कमी डोसची गोळी घ्या. गुण साधारण सारखाच, पण नियम हवा आणि धीर हवा. गोळी मुळात ब्लडप्रेशरची, म्हणून ती तपासूनच देणार. सुरुवातीला उलट थोडे केस गळतील, घाबरू नका.
धाकट्याने गोळी घेतली. मी लोशन. डोक्याचं औषध पोटातून पाठवायचं म्हणजे द्राविडी प्राणायाम.
पैज लागली. जुलैत दोघांची गाडीची लायसन्सं एकाच दिवशी रिन्यू होणार. तोवर ज्याचे केस जास्त, तो दादा. धाकट्याची कीव येते.

६ जानेवारी, सकाळ
शिस्त म्हणजे शिस्त. रोज दोन वेळा लोशन. अधूनमधून फोटो: तेच स्टूल, तोच लाइट. आमच्या कॉम्प्युटरवर 'नेहमीचं' नावाची सेटिंग आहे, माझीच निर्मिती. प्रिंट काढताना ती आपोआप चालते: डाग जातात, कपाळ आवरतं, विरळ केस भरून येतात. आजवर एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही. फोटोतलं मला कोणी शिकवू नये.

संध्याकाळ
लोशन फार चिकट. संध्याकाळचं उद्यापासून.

२८ जानेवारी
उशीवर केस! म्हणजे औषध लागू पडलं. ही म्हणाली, आठवड्यातून दोनदा लावून काय लागू पडणार? बायकोला विज्ञान समजावणं माझ्याच्याने होत नाही.

१९ फेब्रुवारी
आज लावलं नाही, डोकं ओलं होतं. काल टोपी घालायची होती. परवा धाकटा बघत होता. तो चहाबरोबर गोळी टाकतो आणि मोकळा होतो. याला काय मेहनत म्हणायची?

६ मार्च
पहिला फोटो. माझा प्रिंट काढला आणि उडालोच. कपाळ चक्क दोन बोटं खाली! धाकट्याचा नुसता स्क्रीनवर बघितला, त्याच्यावर शाई कशाला घालवा. जैसे थे.
माझा पाकिटात ठेवला. दिवसभरात बऱ्याचदा बघितला.

२ एप्रिल
घरात स्फोट. हिच्या गालावर, कानाजवळ, बारीक लव आली आहे. लोशन लावून मी लगेच आडवा होतो, तेही हिच्या उशीवर, कारण माझी खराब होते. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, आधी वाळू द्या, मग झोपा, आणि स्वतःच्या उशीवर झोपा.
सध्या मुक्काम बाहेरच्या खोलीत. पण मुद्दा सिद्ध झाला: औषध चालतं, फक्त पत्ता चुकतोय.

११ मे
धाकट्याच्या कानांवर केस आले. पोट धरून हसलो. त्याच्या डोक्यावरही काळं काहीतरी दिसतं, पण तो लाइटचा दोष.
माझा नवा प्रिंट: झकास.

२० जून
तपासणी. डॉक्टरीणबाईंनी धाकट्याचं प्रेशर बघून शाबासकी दिली. मला विचारलं, महिन्याची बाटली जानेवारीपासून कशी पुरली? काटकसर, म्हणालो. धाकटा हसला. हसू दे बापडा.

९ जुलै, सकाळ
आज निकाल. सर्वांत चांगला प्रिंट अर्जाला चिकटवला. आता पुढची दहा वर्षं हेच डोकं. धाकट्याने त्याच्या अर्जाला काल काढलेला साधा फोटो लावला. गबाळा.

संध्याकाळ
लिहायचं नव्हतं.
आरटीओच्या खिडकीतल्या बाईंनी माझा अर्ज उचलला. फोटो बघितला, मला बघितलं, मग माझ्यामागे उभ्या असलेल्या धाकट्याला. त्याला म्हणाल्या, "फोटो तुमचा आहे ना? मग तुम्ही पुढे या. वडिलांना बाकावर बसू द्या."
मागची रांग हसली. धाकटा हसला नाही, हे जास्त लागलं. हळूच म्हणाला, "अरे, 'नेहमीचं' बंद करायचं राहिलं होतं का?"
मी बाकावर बसलो. शेजारच्या म्हाताऱ्याने मायेने सरकून जागा दिली. पाकिटातला प्रिंट काढून बघितला. काम सुबक होतं. आयुष्यभर तेच केलं, होणारच.
माझा अर्ज परत आला, फोटो बदलून आणा म्हणून. धाकट्याचं काम झालं. तो बाहेर आला आणि सवयीने म्हणाला, चल दादा.
मी म्हणालो, चल, दादा.
घरी येऊन लोशन लावलं. वाळेपर्यंत बसून आहे.