गुळाची तुला

अमरावती, ८ जाने. ६१
अक्काचं अकोल्याहून पत्र. माझ्या टायफॉइडात ती नवस बोलली होती, धाकटी वाचली तर तिची गुळाची तुला करीन. वाचले. आता बसा पारड्यात! वाळून काडी झाले होते तेव्हाच का नाही उरकली? आता पुन्हा होते तशीच झाले आहे. शाळेत माझ्याच विद्यार्थिनी मागून काय म्हणतात ते ठाऊक आहे मला. आरशाचीसुद्धा किळस येते. पण आई अक्काकडेच असते, तिने दोन ओळी घातल्यात. देवाचं आहे, नाही म्हणू नये.

अकोला, २२ जाने.
झालं एकदाचं. भाऊजींनी जिनिंग फॅक्टरीतला कापूस तोलायचा काटा देवळात आणवला. कापूस! मी मांडी घालून, पारडं जमिनीला टेकलेलं. गुळाच्या भेल्या संपल्या तरी हलेना. अक्काची शेजारीण वेणूबाई ओरडली, "अजून दोन भेल्या आना वं! बाई काई उठून नाही राहिली!" सगळं देऊळ हसलं. आई बाजूने वाकून कानाशी काहीतरी पुटपुटत होती, लक्ष कुणाचं? शी. प्रसादाच्या गुळाला हात लावला नाही.

अकोला, ४ मार्च
आई गेली. तार उशिरा मिळाली. मी पोचेपर्यंत नेलंही होतं.

अमरावती, १५ मार्च
दिवस करून आज परतले. निघताना अक्का म्हणाली, "तुलेच्या वेळी आई तुझ्या कानाशी काय गं बोलली? मी विचारलं तर म्हणे, ते माझं नि तिचं."
आठवत नाही. भेल्या अकरा, वर दोन. वेणूबाईचं पिवळं लुगडं, पुढचा पडका दात. कोण कोण हसलं, नावानिशी सांगते. आणि आईचा एक शब्द नाही. इतके दिवस अंगाची शिसारी होती, आता डोक्याचीही.

२ एप्रिल
वेणूबाई आईला खेटून उभी होती. तिनं ऐकलं असेल. जन्मात तोंड पाहणार नव्हते तिचं. उद्याच्या गाडीनं जाते.

अकोला, ३ एप्रिल
"मी हासली? कवा? मले त याद बी नाही. तुमची माय रडून राहिली होती, थे याद हाय. तुमच्या डोक्यावरून हात फिरवून राहिली होती."
काय म्हणत होती?
"थे तुमच्या कानात बोलली, बाई. मले काहून आयकू येईन?"
गुळाचा चहा दिला तिनं. प्यायले.
डोक्यावर हात होता म्हणे. मी तेव्हा त्या पडक्या दाताकडे पाहत होते.