बुधवारची फवारणी

ती. काका,

साष्टांग नमस्कार. तुमचा डावा गुडघा बरा असेल, या आशेवर लिहितो (उजव्याची तक्रार काकूंनी वेगळी कळवली आहे). इकडे सगळे मजेत. ढोबळी मिरचीही मजेत होती.

मग तिच्यावर लाल कोळी पडला. पानांमागे बारीक लाल ठिपके, शेंड्यांना जाळी. तुम्ही दिलेला पंप पाठीला लावून बाबा तीस वर्षं दर बुधवारी फवारतात (कीड असो वा नसो, बुधवार असला की पुरे), तरी तो हटेना. म्हणून सल्लागारबाईंनी दुसरे कोळी दिले, या कोळ्यांना खाणारे. भुशात मिसळलेल्या कोळ्यांची बाटली, मीठ भुरभुरावं तशी पानांवर रिकामी करायची. मी सकाळी केली. बाबांना सांगितलंही होतं. त्यांना ऐकू आलं नसावं. दुपारी त्यांनी नेमाने सगळ्या पॉलिहाऊसमध्ये औषध मारलं.

बाईंनी त्यांना भिंगातून नुसतं एक पान दाखवलं, त्यावर बाटलीतले कोळी मरून पडलेले. बाबा दोन दिवस पॉलिहाऊसकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "दुसरी बाटली आण." तेव्हापासून पंप माळ्यावर आणि भिंग बाबांच्या खिशात. रोज पानं उलटून कोळी मोजतात आणि आईला आकडा सांगतात (माझे परीक्षेतले गुण तिने इतक्या कौतुकाने कधी ऐकले नाहीत).

आता पंचाईत अशी, की दाराजवळच्या दोन ओळींत लाल कोळी माजलाय, तिथे आपले पुरे पडत नाहीत. बाई म्हणतात, तेवढ्याच ओळींत बेताचं औषध मारा, बाकीचं आपले कोळी बघतील. उशीर केलात तर पीक गेलं. बाबा म्हणतात, "एकदा मारले ना मी? बास." फवारू नका म्हणून वर्षानुवर्षं भांडलेला मी आता फवारा म्हणून हात जोडतोय.

तुमचा पुतण्या

ता. क. बाबा फक्त तुमचं ऐकतात. दोन दिवस येऊन जा.

आणखी ता. क. पाकीट बंद करायच्या आत बाबांनी पंप खाली काढला. गेल्या तीन सकाळी ते मोजत नव्हते. त्या दोन ओळींतले आपले कोळी रंगाच्या ब्रशाने उचलून पलीकडे नेऊन सोडत होते. आज तेवढ्या दोनच ओळी फवारल्या. आज मंगळवार आहे.

तरीही या. पहिल्या बाटलीचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं. वाद नको म्हणून. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी बाबा कान तपासायला निघालेत. आदल्या दिवशी, गुरुवारी, मी खरं काय ते सांगणार आहे, तेव्हा तुम्ही खोलीत असलेले बरे.